होस्टेलचा कॅमेरा कुणाकुणाला दिसतो?

सांगलीच्या विश्रामबाग भागातून एका वाचक भगिनीचं पत्र आलं आहे. ओळख पटेल असे तपशील आम्ही बदलले आहेत. पतीच्या निधनानंतर त्यांनी घराच्या वरच्या दोन मजल्यांवर मुलींसाठी होस्टेल सुरू केलं. जत, आटपाडी, कवठेमहांकाळकडून अकरावी-बारावीला, इंजिनिअरिंगला किंवा एमपीएससीच्या तयारीला आलेल्या वीसेक मुली तिथे राहतात. पालकांच्या आग्रहावरून दोन वर्षांपूर्वी त्यांनी गेट, जिना, मेस, अभ्यासिका आणि दोन्ही मजल्यांचे पॅसेज इथे कॅमेरे बसवले. बसवणाऱ्याने 'कुठूनही मोबाइलवर दिसेल' अशी सोय करून दिली. त्याचा युजरनेम आणि पासवर्ड बाईंनी पालकांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर टाकला. त्या स्वतः अधूनमधून पुण्याला लेकीकडे जातात, तेव्हा त्यांनाही या सोयीचा आधार वाटतो.

गेल्या आठवड्यात एका मुलीने त्यांना एक फोटो दाखवला. तो तिच्या भावाच्या मित्राच्या मोबाइलवर आला होता. अंघोळ करून केस पुसत पॅसेजमधून येणारी एक मुलगी, आणि कोपऱ्यात होस्टेलच्याच कॅमेऱ्याची तारीख-वेळ. मुली म्हणतात, कॅमेरे काढा. कुणकुण लागलेले दोन-तीन पालक म्हणतात, कॅमेरे वाढवा. कॅमेरेवाला म्हणतो, पासवर्ड बदलून देतो, विषय संपला. बाई विचारतात: 'आमच्या साध्या होस्टेलमध्ये बाहेरच्या कुणाला एवढा रस असणार? कॅमेरे ठेवू की काढू? सगळ्या पालकांना सांगितलं तर होस्टेल रिकामं होईल. गुपचूप दुरुस्त करून घेतलं तर चालेल का?'

प्रिय ताई,

बाकीचं नंतर बोलू. आधी उठून डीव्हीआरच्या (कॅमेऱ्यांचं रेकॉर्डिंग साठवणाऱ्या पेटीच्या) मागे राउटरकडून आलेली केबल काढा. वीज चालू राहू दे, कॅमेरेही चालू राहू देत. रेकॉर्डिंग डीव्हीआरमधल्या हार्ड डिस्कवर होतं, त्याला इंटरनेट लागत नाही. इंटरनेट लागतं ते बाहेरून बघायला. केबल काढल्यावर गेटवरची नजर तशीच राहील, फक्त बाहेरच्यांचं बघणं थांबेल. पुष्कळ जणांना हे कुणी सांगितलेलंच नसतं, म्हणून 'ठेवू की काढू' या दोन टोकांमध्ये त्यांची घालमेल होते. पॅसेजमधल्या कॅमेऱ्यांच्या भिंगावर मात्र आजच चिकटपट्टी लावा.

दुसरी घाई पुराव्याची. डिस्क भरली की डीव्हीआर सगळ्यात जुनं रेकॉर्डिंग पुसून त्यावर नवं लिहितो, त्यामुळे आज जे आहे ते काही दिवसांनी नसेल. डीव्हीआरच्या मेनूमध्ये 'लॉग' असतो. कोणत्या युजरने, कधी, कोणत्या आयपी पत्त्यावरून (म्हणजे इंटरनेट जोडणीच्या क्रमांकावरून) प्रवेश केला, याची नोंद त्यात सापडते. स्क्रीनवर ती उघडून मोबाइलने एकेका पानाचे फोटो काढा. मग समोर बसून नवी हार्ड डिस्क बसवून घ्या आणि जुनी कपाटात कुलपाखाली ठेवा. तुमचा कॅमेरेवाला सद्भावनेनेच 'सगळं रिसेट करून देतो' म्हणेल. त्याला थांबवा. रिसेट केलं तर नोंदी जाण्याचा धोका आहे, आणि कोण बघत होतं हे कळायचा मार्गच बंद होईल.

आता तुमचा पहिला प्रश्न. 'आमच्यात कुणाला रस असणार' असं म्हणताना तुमच्या डोळ्यांसमोर एक माणूस आहे, सांगलीतलं तुमचं होस्टेल हेरून त्यावर डोळा ठेवणारा. तसा माणूस असेलही. पण बहुतेक उघडे कॅमेरे आधी यंत्रांना सापडतात आणि मग माणसांना. इंटरनेटवरच्या प्रत्येक जोडणीला एक क्रमांक असतो. हे क्रमांक एकामागून एक तपासत जाणारे प्रोग्रॅम अहोरात्र चालू असतात. मिशिगन विद्यापीठातल्या संशोधकांनी 2013 मध्ये दाखवून दिलं, की एकाच संगणकावरून जुन्या पद्धतीचे सगळे आयपी पत्ते पाऊण तासाच्या आत तपासून होतात. अशा रीतीने सापडलेल्या उपकरणांची यादी ठेवणारं शोदान नावाचं शोधयंत्र 2009 पासून चालू आहे. तिथे कॅमेरा सांगलीचा की सिंगापूरचा, घरातला की होस्टेलचा, याने काही फरक पडत नाही. उघडा दिसला, नोंदवला गेला. 2014 मध्ये तर एका संकेतस्थळाने जगभरचे हजारो कॅमेरे थेट दाखवायला सुरुवात केली होती. ते दिसत होते, कारण मालकांनी कारखान्यातून आलेला पासवर्ड बदललाच नव्हता.

आणि बघणं हा एकच धोका नाही. 2016 मध्ये मिराई नावाच्या प्रोग्रॅमने कारखान्यातल्या साठेक ठरावीक युजरनेम-पासवर्डच्या जोड्या वापरून जगभरचे कॅमेरे, डीव्हीआर आणि राउटर ताब्यात घेतले. त्या साध्या उपकरणांच्या फौजेने 21 ऑक्टोबर 2016 रोजी, संकेतस्थळांची नावं त्यांच्या आयपी पत्त्यांशी जुळवून देणाऱ्या डिन या कंपनीवर इतका मारा केला, की अमेरिकेत ट्विटर, नेटफ्लिक्ससारख्या सेवा काही तास कोलमडल्या. त्या कॅमेऱ्यांच्या मालकांना याचा पत्ताही नव्हता.

तुमच्या प्रश्नाच्या जास्त जवळची घटना फेब्रुवारी 2025 मधली आहे. राजकोटच्या एका प्रसूती रुग्णालयातल्या कॅमेऱ्यांमधून महिलांच्या तपासणीची चित्रं चोरली गेली आणि यूट्यूब, टेलिग्रामवरून त्यांची विक्री झाली. पोलिसांनी पकडलेल्या संशयितांमध्ये आपल्या महाराष्ट्रातले, लातूर आणि सांगलीकडचे तरुण होते. हे तुम्हाला घाबरवायला सांगत नाही. पण अशा चित्रांना गिऱ्हाईक असतं, त्यांचा बाजार आहे, आणि तो आपल्यापासून दूर नाही, हे तुम्हाला माहीत असलं पाहिजे. तुमच्या होस्टेलमध्ये रस असायला तिथे मुली राहतात एवढं कारण त्या बाजाराला पुरतं.

तुमच्याकडून चित्र नेमकं कसं बाहेर गेलं? दोन शक्यता आहेत आणि दोन्ही खऱ्या असू शकतात. पहिली, कुणी काही फोडलंच नाही. पासवर्ड वीस घरांतल्या व्हॉट्सअ‍ॅपवर होता. वडिलांचा मोबाइल भाऊ हाताळतो, भावाने मित्राला दाखवला, मित्राने स्क्रीनशॉट काढला. सगळे एकाच युजरनेमने आत येत असल्यामुळे लॉगमध्येही कोण कुठला ते ओळखायला जड जाईल.

दुसरी शक्यता राउटरमधली आहे. बाहेरून कॅमेरा दिसावा म्हणून बसवणाऱ्याने राउटरमध्ये पोर्ट फॉरवर्डिंग केलेलं असू शकतं, म्हणजे बाहेरून येणाऱ्याला राउटरच्या एका ठरावीक क्रमांकाच्या दारातून (पोर्टमधून) थेट डीव्हीआरकडे पाठवायची सोय. घराला मागचं दार पाडून ते रस्त्यावर उघडं ठेवावं तसं हे आहे: तुम्ही त्यातून येता, पण दार सगळ्या जगाला दिसतं. कधी हे दार कुणी मुद्दाम पाडलेलंही नसतं. राउटरमध्ये यूपीएनपी नावाची सोय चालू असली तर डीव्हीआर स्वतःच ते उघडून घेतो. याची एक साधी चाचणी डीव्हीआरची केबल काढण्यापूर्वी करता आली असती, आता फक्त तेवढ्यापुरती पाच मिनिटं जोडून करा. होस्टेलच्या वायफायवर असताना गूगलवर 'माझा आयपी पत्ता' शोधा आणि ठिपक्यांनी जोडलेल्या चार संख्यांचा जो पत्ता येईल तो लिहून घ्या. मग मोबाइलचं वायफाय बंद करून मोबाइल डेटावरून तोच पत्ता ब्राउझरमध्ये टाका. डीव्हीआरचं लॉगिन पान उघडलं, तर दार उघडं आहे. पान उघडलं नाही म्हणून निश्चिंत होऊ नका. पोर्ट अनेक असतात, कॅमेऱ्याचं थेट चित्र 554 क्रमांकाच्या वेगळ्याच पोर्टवरूनही जातं. म्हणून राउटरच्या सेटिंगमध्ये पोर्ट फॉरवर्डिंग (काही राउटरवर 'व्हर्च्युअल सर्व्हर' म्हणतात) आणि यूपीएनपी ही दोन पानं डोळ्यांनी बघितल्याशिवाय खात्री धरायची नाही.

'पासवर्ड बदलला की विषय संपला' हे म्हणूनच अर्धवट आहे. पासवर्ड बदलाच, पण काही वेळा पासवर्ड विचारलाच जात नाही. 2021 मध्ये हिकव्हिजन या चिनी कंपनीच्या कॅमेऱ्यांच्या कित्येक मॉडेलमध्ये अशी त्रुटी उघड झाली, की पासवर्ड न देताच कॅमेऱ्याचा पूर्ण ताबा घेता येत होता. कंपनीने दुरुस्त फर्मवेअर (कॅमेऱ्याच्या आतला, तो चालवणारा प्रोग्रॅम) दिलं, पण ते प्रत्येक कॅमेऱ्यात कुणीतरी जाऊन भरावं लागतं, आणि बसवून पैसे घेऊन गेलेला माणूस त्यासाठी सहसा परत येत नाही. सगळं कंपनीच्या क्लाउडवर, म्हणजे इंटरनेटवरच्या तिच्या संगणकांवर, ठेवलं म्हणजे सुटलो, असंही नाही. मार्च 2021 मध्ये वरकाडा या अमेरिकन कंपनीच्या एका बड्या अधिकाराच्या खात्याची माहिती उघड्यावर सापडली आणि रुग्णालयं, शाळा, तुरुंग धरून सुमारे दीड लाख कॅमेऱ्यांपर्यंत हॅकर पोचले.

शिवाय आपल्याकडची एक नेहमीची गोष्ट. अ‍ॅपमध्ये डीव्हीआर पहिल्यांदा जोडला जातो तो बसवणाऱ्याच्याच मोबाइलवरून. मालक म्हणून तोच नोंदलेला राहतो आणि तुम्ही त्याच्याकडून वाटून घेतलेल्या पाहुण्या असता. तो माणूस भला असेल, पण त्याचा मोबाइल उद्या दुसऱ्याच्या हातात जाऊ शकतो. तेव्हा त्याला चार गोष्टी सरळ विचारा: राउटरमध्ये कोणते पोर्ट उघडलेत, अ‍ॅपमध्ये मालक म्हणून कुणाचा नंबर आहे, डीव्हीआरमध्ये किती युजर आहेत, आणि फर्मवेअर शेवटचं कधी अद्ययावत केलं. उत्तरं देताना तो चिडला किंवा 'तुम्हाला त्यातलं कळणार नाही' म्हणाला, तर दुसरा माणूस शोधा. कळण्याइतकं तुम्हाला नक्की कळतं.

एवढं तांत्रिक झालं. आता जे मला जास्त खुपतं त्याबद्दल.

तुम्ही कॅमेरे लावले ते मुलींच्या सुरक्षेसाठी, यावर माझा पूर्ण विश्वास आहे. पालकांची भीतीही खोटी नाही. आटपाडीहून पहिल्यांदा बाहेर राहायला आलेल्या लेकीची काळजी बापाला रात्री झोपू देत नाही. पण त्याच्या मोबाइलवर काय दिसतं ते एकदा शांतपणे बघा. स्वतःच्या मुलीबरोबर दुसऱ्या सगळ्या घरांतल्या मुली दिसतात: नाइटड्रेसमध्ये पाणी भरायला निघालेल्या, अभ्यासिकेत डोकं टेकून झोपलेल्या, अंघोळीहून येणाऱ्या. त्याच बापाला विचारा, की तुमची लेक बाकीच्या एकोणीस घरांतल्या पुरुषांना दिवसभर दिसते, हे चालेल का? मला नाही वाटत एकही जण हो म्हणेल. हा प्रश्न त्यांना कुणी विचारलाच नाही. तुम्हीही विचारला नाहीत, आणि ज्यांच्याकडे कॅमेरा रोखलेला आहे त्या मुलींना तर कुणीच विचारलं नाही. त्यांतल्या बऱ्याच जणी अठरा पूर्ण केलेल्या आहेत. खासगीपणा हा मूलभूत हक्क आहे, असं सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायाधीशांच्या घटनापीठाने 24 ऑगस्ट 2017 रोजी सांगितलं. तो हक्क होस्टेलच्या दारात चपलांबरोबर काढून ठेवायचा नसतो.

अंघोळीच्या खोल्या ज्या पॅसेजमध्ये उघडतात तो पॅसेज मुलींच्या घराचा आतला भाग आहे. तिथला कॅमेरा काढा, कायमचा काढा. अभ्यासिका आणि मेसमधलाही काढावा असं माझं मत आहे. तिथे चोरीचा प्रश्न असेल तर मुलींशी बोला, त्यांना हवा असेल आणि कुठे रोखलेला आहे हे मान्य असेल, तरच ठेवा. गेट, जिन्याचा पायथा आणि ऑफिस इथले राहू देत. कॅमेऱ्यात माइक असेल तर बंद करा. मुलींचं बोलणं ऐकायचं काहीच कारण नाही. ठेवलेल्या कॅमेऱ्यांखाली 'इथे रेकॉर्डिंग होतं' अशी पाटी लावा.

पालकांना लाइव्ह बघायची सोय बंद, सरसकट बंद. त्याऐवजी त्यांना खरंच उपयोगी पडेल असं काही द्या. रात्रीच्या हजेरीची वही, मुलगी ठरल्या वेळेपर्यंत आली नाही तर घरी तुमचा फोन, तुमच्या गैरहजेरीत जबाबदार असणाऱ्या बाईंचा नंबर. काही घडलंच तर गेटचं रेकॉर्डिंग तुमच्यासमोर बसून बघता येईल, असं सांगा. तुम्हाला स्वतःला पुण्याहून गेट बघायचं असेल तर तेही जमेल, पण ओळीने कामं करावी लागतील. पोर्ट फॉरवर्डिंगच्या नोंदी पुसायच्या, यूपीएनपी बंद करायचं, राउटरचा स्वतःचा पासवर्ड बदलायचा. अ‍ॅपमधून जुना मालक काढून तुमच्या नंबरवर नवं खातं उघडायचं आणि त्याला ओटीपीची दुहेरी पडताळणी लावायची. डीव्हीआरमधले सगळे जुने युजर काढायचे आणि तुमच्यासाठी फक्त गेटच्या कॅमेऱ्याचा अधिकार असलेला नवा युजर करायचा. फर्मवेअर नवं भरायचं. मुलींचं वायफाय डीव्हीआरपासून वेगळं ठेवायचं. राउटरमध्ये 'गेस्ट नेटवर्क' असतं ते याच कामाला. नाहीतर वायफायचा पासवर्ड मिळालेला कुणीही डीव्हीआरच्या उंबऱ्याशी पोचतो. डीव्हीआर कुलपाच्या कपाटात, हे सांगायला नकोच. यातलं काही करायला जमत नसेल, तर केबल काढलेलीच बरी. पुण्यात असताना गेट दिसलं नाही तर नुकसान कमी आहे.

मिरजेतले डॉक्टर, कुपवाडचे कारखानदार, तासगावकडचे बेदाण्याचे व्यापारी, सोसायट्यांचे चेअरमन असे जे हे वाचत असतील, त्यांनाही हेच लागू आहे. तपासणीच्या खोलीत कॅमेरा नकोच. मोठ्या जागेसाठी बाहेरून बघायचं असेल तर जाणकाराकडून व्हीपीएन (बाहेरून आत यायचा कुलूपबंद खासगी मार्ग) बसवून घ्या, पोर्ट उघडू नका. नवे कॅमेरे घेताना सरकारी सुरक्षा चाचणीचं प्रमाणपत्र मागा. 9 एप्रिल 2025 पासून भारतात विकायच्या कॅमेऱ्यांना ते बंधनकारक झालं आहे. घरात बसलेल्या जुन्या संचाला मात्र त्याचा काही उपयोग नाही.

आता तुमचा सगळ्यात अवघड प्रश्न: गुपचूप दुरुस्त केलं तर? नाही, ताई. तो फोटो कुणाच्या तरी मोबाइलवर आहे, आणि तो एकटाच आहे याची तुम्हाला खात्री नाही. ज्या मुलीचं चित्र बाहेर फिरतंय तिला ते तुमच्याकडून कळणं आणि कॉलेजच्या कट्ट्यावर कुणाकडून तरी कळणं, यात फार मोठं अंतर आहे. तिच्याशी आधी एकटीशी बोला. फोटो पुढे कुणालाही पाठवू नका, पालकांना खात्री पटावी म्हणूनसुद्धा नाही. तक्रार करायची का, घरी कधी आणि कसं सांगायचं, हे तिच्या मनाने ठरू दे. ती अठराच्या आतली असेल तर आईवडिलांना सोबत घ्यावंच लागेल, पण तेव्हाही आधी तिला विश्वासात घ्या. अप्रामाणिकपणे किंवा फसवणुकीच्या हेतूने, परवानगीशिवाय दुसऱ्याच्या यंत्रणेत शिरणं हा माहिती तंत्रज्ञान कायदा 2000 च्या कलम 66 खाली गुन्हा आहे, 3 वर्षांपर्यंत कैद किंवा 5 लाखांपर्यंत दंड किंवा दोन्ही. बाईचे खासगी क्षण चोरून टिपण्याबद्दल भारतीय न्याय संहितेचं कलम 77 आहे. कोणतं कलम लागतं ते पोलिस ठरवतील. तक्रार जिल्ह्याच्या सायबर पोलिसांकडे किंवा राष्ट्रीय सायबर क्राइम पोर्टलवर करता येते. महिला-मुलांविरुद्धच्या गुन्ह्यांची माहिती तिथे नाव न सांगताही देता येते. लॉगचे फोटो आणि ती जुनी हार्ड डिस्क इथे कामी येईल.

मग एका संध्याकाळी मेसमध्ये सगळ्या मुलींना बसवून सांगा, आणि त्यानंतर प्रत्येक पालकाला फोन करा. ग्रुपवर मेसेज टाकू नका. ग्रुपवर गोष्ट पसरते, फोनवर बोलता येतं. शब्द साधे ठेवा: 'आपल्या कॅमेऱ्यांचा पासवर्ड आपण सगळ्यांनी मिळून वापरत होतो. त्यातून एक चित्र बाहेर गेलं. कुठली मुलगी ते मी सांगणार नाही. मी बाहेरून बघायची सोय बंद केली आहे, आतले कॅमेरे काढले आहेत, तक्रारीचं बघते आहे. तुमच्या मोबाइलमधलं अ‍ॅप आणि पासवर्ड काढून टाका.' एक-दोन जण मुलीला घेऊन जातील, ते मी नाकारत नाही. पण उरलेल्यांना पुढच्या वर्षी कुणी विचारलं, की त्या बाई कशा आहेत, तर त्यांच्याकडे सांगण्यासारखं काही असेल.

आणि जिने तुम्हाला फोटो दाखवला त्या मुलीला जपा. भावाच्या मित्राचं नाव बाहेर आलं तर घरी आपल्यालाच बोलणी बसतील, 'तुला काय गरज होती' असं म्हणतील, या भीतीत ती असणार. नाव पोलिसांना लागेल, इतर मुलींना आणि पालकांना लागणार नाही. तिच्या घरी फोन कराल तेव्हा एवढं जरूर सांगा, की तुमच्या लेकीने वेळेवर सांगितलं म्हणून मला पॅसेजमधले कॅमेरे बंद करता आले.